अल्बनचं ताट

मेलविनानं तुरीच्या दाण्यांत मीठ टाकलं आणि टाकून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण भलत्याच पातेल्यापाशी उभे आहोत.

अंगणात तीन चुली पेटल्या होत्या. दोन जित्यांच्या, एक मेलेल्यांची. मेलेल्यांना मीठ चालत नाही, हे कॅरियाकू बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मीठ पोटात गेलं की त्यांचे पाय जड होतात आणि जेवायला आलेला पितर परत जाऊ शकत नाही, घरातच घुटमळत राहतो. पण मेलविना मूळची मोठ्या ग्रेनाडा बेटावरची. तिच्या माहेरी मेलेल्यांसाठी चर्चमध्ये मेणबत्ती लावली की भागायचं. त्यातून गेली नऊ वर्षं तिनं सासरच्या या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. हात आपला सवयीनं चालला.

"झालं," इनेता म्हणाली. इनेता तिची थोरली नणंद, लग्न न करता आईपाशी राहिलेली. "सासर सोडलंस ते सोडलंस, आता निदान सासऱ्याच्या पोटावर तरी पाय देऊ नकोस."

नीरफणसाच्या झाडाखाली तिची सासू मा टेला मक्याच्या पिठाच्या शिजलेल्या गोळ्याला ओल्या हातानं आकार देत बसली होती. तिनं मान वर केली, पातेल्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. "ते पोरांना वाढा," ती म्हणाली. "दुसरं चढवा." एवढंच. पूर्वीची मा टेला असती तर अख्ख्या गावानं ऐकलं असतं. तिचं ते मऊ बोलणंच मेलविनाला जास्त अवघड वाटलं, कारण आज संध्याकाळच्या आत तिला या म्हातारीकडे एक मागणं मागायचं होतं, आणि तेच मागणं मागितल्याबद्दल नऊ वर्षांपूर्वी तिची ट्रंक याच अंगणात येऊन पडली होती.

सराका घालायचा, पितरांना पान मांडायचं आणि गावाला जेवू घालायचं, हे म्हातारीनं ठरवलं ते स्वप्नामुळे. तिचा नवरा, पापा नॉरिस, जाऊन बरीच वर्षं झाली. तो स्वप्नात येऊन रुसून बसला. नातवंडं जगाच्या दुसऱ्या टोकाला निघाली आणि मला कुणी सांगितलं नाही, म्हणाला. त्याचंही खरंच होतं. जागतिक स्पर्धेसाठी न्यूझीलंडला गेलेल्या ग्रेनाडाच्या चार पोहणाऱ्यांत दोघं याच घरची होती: मेलविनाची केतुरा आणि तिच्या दिराचा, कथबर्टचा, जेरॉन. चार जणांची मिश्र रिले, दोन मुलगे आणि दोन मुली. तिसरा जेरॉन, शेवटची केतुरा. तिकडे उद्याची सकाळ उजाडेल तेव्हा इकडे आजची संध्याकाळ होणार होती, आणि तेव्हा त्यांची फेरी होती.

गंमत अशी, की कॅलिस्टांच्या या घरात याआधी कुणालाच पोहता येत नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या गलबतं बांधली, गलबतांवर जगले, पण पाण्यात शिरायचं ते घोट्यापर्यंत. बोटीवर विश्वास असणारा पोहायला शिकत नाही, अशी त्यांची समजूत. शिवाय समुद्रानं न्यायचं ठरवलं तर पोहणाऱ्याला मरायला वेळ लागतो, एवढाच फरक. अल्बनलाही पोहता येत नव्हतं. मेलविनाचा नवरा, मा टेलाचा धाकटा. चौदा वर्षांपूर्वी सिमेंटची पोती भरलेलं गलबत घेऊन निघाला तो परत आला नाही. ना फळी सापडली, ना माणूस.

आणि माणूस सापडला नाही म्हणून मा टेलानं त्याला मेलेल्यांत धरलं नाही. नावाचा दगड बसवला नाही, ताट मांडलं नाही, जमिनीवर पाणी शिंपून पितरांची नावं घेताना त्याचं नाव घेतलं नाही. ती रोज बोटींच्या धक्क्यावर त्याची वाट बघत बसायची आणि लहानग्या केतुराला सोबत न्यायची. पाच वर्षं मेलविनानं ते पाहिलं. मग एक दिवस ती म्हणाली, "मा, आता ताट मांडू या." वर म्हातारीला हेही कळलं, की सून केतुराला आणि जेरॉनला पहाटे गुपचूप पाण्यात नेऊन हातपाय मारायला शिकवते. झालं. त्यानंतर ट्रंक अंगणात.

सकाळी केतुराचा फोन आला होता. तिला झोप लागत नव्हती. याआधी दोन स्पर्धांत रिले तिच्यामुळे बाद झाली होती, कारण आधीच्या गड्याचा हात भिंतीला लागायच्या आत हिनं उडी मारली होती. आता पुन्हा तसं झालं तर रिलेत तुला घेणार नाही, असं प्रशिक्षकानं स्पष्ट सांगितलं होतं.

"मम्मी, मला पाण्याची भीती वाटत नाही गं," ती म्हणाली. "जेरॉन येत असतो ना, तेव्हा मला वाटतं हा पोहोचणारच नाही. मला नुसतं उभं राहून बघवत नाही. मग पायच सुटतात." मग म्हणाली, "तिकडे सराका आहे ना आज? ग्रॅनीला विचार. डॅडीचं नाव घेतील का म्हणावं. एकदाच."

मेलविनानं हो म्हटलं, आणि तेव्हापासून तिचे हात कुठेही मीठ टाकत होते.

तिनं आधी कथबर्टला गाठलं. तो दोन झाडांमध्ये जुनं शीड ताणून बांधत होता, त्यावर शाळेच्या प्रोजेक्टरमधून शर्यत दाखवायची म्हणून. कथबर्ट तोंडानं भारी विनोदी माणूस, पण या बाबतीत त्याला हसू येत नव्हतं. तुझ्या पोरीच्या घाईपायी माझा पोरगा दोनदा रडत घरी आला, हे त्यानं तिला ऐकवलं. तिनं ऐकून घेतलं, मग कारण सांगितलं. केतुराला भिंतीपाशी उभं राहिल्यावर काय वाटतं ते जसंच्या तसं सांगितलं. कथबर्टच्या हातातली दोरी तशीच राहिली.

"म्हणजे बोटींचा तो धक्का," तो म्हणाला.

"धक्काच."

तो बराच वेळ गाठ मारत बसला. त्या गाठीला एवढा वेळ लागत नाही. "मी मध्ये बोलणार नाही," शेवटी तो म्हणाला. "पण तू बोलशील तेव्हा शेजारी उभा राहीन. त्याहून जास्त माझी छाती नाही. माझी आई आहे ती."

दुपार कलली. आतल्या खोलीत मेजावर पांढरी चादर अंथरली गेली. इनेता एकेक ताट आत नेत होती. पापा नॉरिसचं, त्याच्या आईवडिलांचं, मा टेलाच्या आईबापांचं, दिराचं. ताटांत बिनमिठाचा भात, मक्याचे गोळे, दुसऱ्यांदा शिजवलेली तूर, बोकडाचं मटण. सगळ्यांत शेवटी एक ताट, ज्यांना कुणी नाही अशा वाटचुकल्यांसाठी. ते इनेता दर सराक्याला मांडायची. त्यावर तिनं माशाचं भलंमोठं डोकं ठेवलं होतं.

मा टेला दारात खुर्ची टाकून मेजावर नजर ठेवून बसली होती. मेलविना जाऊन समोर उभी राहिली. ठरल्याप्रमाणे कथबर्ट शेजारी आला आणि त्यानं टोपी काढून हातात घेतली.

मेलविनानं आडवळणं घेतली नाहीत. पोरीनं काय सांगितलं ते सांगितलं, आणि म्हणाली, "मा, तुम्ही मला पुन्हा हाकललंत तर मी जाईन. पण आज त्याचं नाव घ्या."

म्हातारी चिडली नाही. तिनं विचारलं, "तुझ्या स्वप्नात आला तो कधी?"

खोटं बोलणं सोपं होतं. शर्टाचा रंगसुद्धा सांगता आला असता. "नाही," मेलविना म्हणाली.

"तुझ्या?"

कथबर्टनं टोपीकडे बघत नाही म्हणून मान हलवली.

"मग?" मा टेला म्हणाली. "मेलेलं माणूस स्वप्नात येतं, भूक लागली म्हणतं. माझी आई आली, तुमचा बाप आला. तो खडूस माझा दीरसुद्धा आला, जिवंत असताना ज्यानं कधी पायरी चढली नाही. अल्बन एकदाही आला नाही. न मागणाऱ्याचं ताट कसं मांडायचं? उगाच मारून टाकू पोराला?"

नऊ वर्षांपूर्वीही तिनं हेच विचारलं होतं. मेलविना मागे वळणार तोच मेजापाशी उभी असलेली इनेता म्हणाली, "माझ्याकडे आला होता."

आयुष्यभर आईच्या हो ला हो म्हणणारी इनेता. तिला स्वतःलाच आपला आवाज ऐकून धक्का बसल्यासारखं झालं, पण आता शब्द परत घेता येत नव्हता. ती सांगत गेली. गलबत गेलं त्याच वर्षी आला, आणि मग दर सराक्याच्या आधी येत राहिला. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहायचा. कपडे ओले, बाकी होता तसाच. आत यायचा नाही. "मला म्हणायचा, 'टेबलावर जागा नसेल तर राहू दे. पण डोकं ठेवलंयस ना माझं?'"

कथबर्टच्या तोंडून हसू फुटलं आणि लगेच डोळे भरून आले. या घरात माशाचं डोकं खाणारा एकच होता. लहानपणी त्यापायी दोघा भावांची मारामारी व्हायची, कारण कथबर्ट ते पळवायचा, खायला नव्हे, तर अल्बनला चिडवायला.

मा टेलाच्या चेहऱ्यावर जे आलं ते दुःख नव्हतं, तो सरळ सरळ मत्सर होता. "तुझ्याकडे आला," ती म्हणाली. "मी त्याला जन्म दिला. मी धक्क्यावर बसले. आणि आला तुझ्याकडे."

"कारण तू त्याला विचारलं असतंस, इतके दिवस कुठं होतास म्हणून," इनेता म्हणाली. "तो भुकेला होता, मा. भुकेल्याला आधी वाढायचं असतं. तूच शिकवलंयस."

बाहेर शेजारपाजारची माणसं जमू लागली होती. ढोल तापवायला कुणीतरी पेंढा पेटवला होता. मग म्हातारीनं मेजाकडे बोट दाखवलं.

"वाटचुकल्यांना म्हणे डोकं लागतं. मला काय कळत नाही होय? चौदा वर्षं बघतेय."

"तुला ठाऊक होतं?" इनेता म्हणाली.

"मी तुझी आई आहे. ठाऊक नसायला काय झालं?" मा टेला उठली. "तू मांडत होतीस म्हणून मला मांडावं लागत नव्हतं. एवढंच." आणि ती आपल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पलंगावर बसली.

मेलविनाला वाटलं, संपलं. तिनं इनेताचा हात धरला. या बाईनं आपल्याला आयुष्यभर टोमणे मारले आणि आपल्या नवऱ्याला मात्र एकदाही उपाशी ठेवलं नाही, हे तिला आज कळत होतं. नुसतं "वन्सं" म्हणाली, आणि इनेतानं हात झटकून टाकला, पण हळू.

तेवढ्यात फोन वाजला. केतुरा. दहा मिनिटांत फोन ठेवून आत जायचं होतं. "ग्रॅनी काय म्हणाली?" हा पहिलाच प्रश्न. मेलविना चाचरू लागली. पोरीशी खोटं बोलायचं नाही आणि खरं तर सांगवत नाही. तिच्या हातातून फोन कधी काढून घेतला गेला ते तिला कळलंही नाही.

"कोण गं, केतुरा?" मा टेलाला फोनवर ओरडून बोलायची सवय होती, जणू आवाज न्यूझीलंडपर्यंत तिलाच पोहोचवायचा आहे. "घाई करतेस म्हणे. कुणी शिकवलं तुला असं?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मेलविनाला ऐकू आलं नाही. म्हातारीचा चेहरा मात्र उतरला. तूच शिकवलंस, धक्क्यावर बसवून, असंच पोर म्हणाली असणार.

"बरं, आता मी सांगते ते ऐक," ती म्हणाली, या वेळी हळू आवाजात. "जेरॉन बोटीत बसलेला नाही. त्याला पोहता येतं, तुझ्या आईच्या कृपेनं. तो येणार. त्याचा हात भिंतीला लागणार. लागू दे, मग नीघ. तो येईल की नाही, ही काळजी तू करायची नाहीस. आणि तुझ्या बापाचं म्हणशील, तर त्याचं मी बघते."

फोन तिनं सुनेच्या हातात दिला. मग रमची बाटली आणि पाण्याचा तांब्या घेऊन ती अंगणाच्या मधोमध गेली. दर वेळी हे काम कथबर्ट करायचा. आज त्याला पुढे येऊ दिलं नाही. माणसं आपोआप बाजूला झाली, ढोल थांबले. तिनं जमिनीवर आधी पाणी ओतलं, मग रम, आणि नावं घ्यायला सुरुवात केली. आपली आई. आपला बाप. नॉरिस, ये, पोरं लांब गेलीत, तुला सांगायचं राहिलं, राग धरू नकोस. त्यांना विमानात बसवलंस, धडधाकट पोहोचवलंस, उपकार झाले. दिराचं नावसुद्धा घेतलं. मग ती थांबली. तांब्यात थोडं पाणी उरलं होतं.

"अल्बन," ती म्हणाली. "ये बाबा. जेवून जा."

कुणी रडलं नाही. अशा वेळी रडत नाहीत, आलेल्याला जेवू द्यायचं असतं. इनेता आत गेली, तिनं मेणबत्ती लावली आणि खोलीचं दार लोटून घेतलं.

शीडावरचं चित्र सुरुवातीला काही धड दिसेना, उजेड होता म्हणून. सूर्य समुद्रात बुडाला तेव्हा कुठे निळं पाणी उमटलं. त्यातही ग्रेनाडाची लेन नेमकी शीडाच्या ठिगळावर आली. पोहणारा ठिगळापाशी आला की वाकडा व्हायचा आणि गावकरी कथबर्टला शिव्या घालायचे. तुझ्या शिवणीत पोर अडकलं बघ, असं कुणीतरी म्हणालं. फेरीत सगळे लहानसहान देश. पहिला मुलगा चांगला पोहला, दुसऱ्या मुलीनं जमेल तेवढं राखलं. मग जेरॉननं उडी मारली, आणि कथबर्ट असा हातवारे करू लागला की जवळच्यांना लांब सरकावं लागलं.

मेलविना जेरॉनकडे बघतच नव्हती. ती उडी मारायच्या ठोकळ्यावर उभ्या असलेल्या आपल्या मुलीकडे बघत होती. लाल टोपी, वाकलेले गुडघे. शेजारच्या लेनमधली मुलगी गेली. तिच्या पलीकडची गेली. जेरॉन येत होता, ठिगळ ओलांडून, वाकडातिकडा होऊन. केतुराची टाच उचलली. टाच पुन्हा खाली टेकली.

जेरॉनचा हात भिंतीला लागला. अख्ख्या अंगणानं पाहिलं. केतुरा तरीही उभीच. तिनं मान खाली घालून त्याचा हात पाहिला, नीट, खात्री करून.

"अगं, नीघ की आता!" कथबर्ट ओरडला, आणि ती निघाली.

आठ संघांच्या त्या फेरीत ते शेवटून दुसरे आले. साऱ्या स्पर्धेत कितवे आले असतील ते विचारण्यात अर्थ नव्हता, आणि कुणी विचारलंही नाही. शीडावर नावं उमटली. ग्रेनाडाचं नाव उमटलं आणि तसंच राहिलं. त्यापुढे बाद झाल्याची खूण आली नाही. वेळेच्या बाजूला छोटी अक्षरं होती, ती शाळेच्या बाईंनी वाचून दाखवली: या देशाची आजवरची सर्वांत चांगली वेळ. मग मात्र पातेल्यांवर झारे वाजले, ढोल वाजले, कथबर्टनं इनेताला उचललं आणि तिनं त्याला बुकलून काढलं. मेलविना तिथंच जमिनीवर बसली, पाणी आणि रम ओतली होती त्या ओल्या जागी, आणि मनातल्या मनात आभार मानू लागली. कुणाचे मानावेत याचा तिला हिशेब लागेना, म्हणून तिनं सगळ्यांचेच मानले. मीठ न खाणाऱ्यांचेही.

पितरांचं जेवण झालं असं मानून मा टेलानं खोलीचं दार उघडलं, तशी पोरं आत घुसली. ही पोरांची लूट असते, हाताला लागेल ते घ्यायचं. मिनिटाभरात मेज साफ झालं. माशाच्या डोक्याला मात्र कुणी शिवलं नव्हतं.

ते ताट म्हातारी स्वतः बाहेर घेऊन आली. झाडाखाली बसली आणि तिनं सुनेला हाक मारली. कथबर्ट बघत राहिला, इनेताही. गलबत गेल्यापासून मा टेलानं मासा तोंडात घातला नव्हता. समुद्रातला कुठलाही मासा. त्यांनी कुणाला खाल्लं असेल काय सांगावं, असं एकदाच म्हणाली होती, आणि घरात तो विषय पुन्हा निघाला नव्हता.

"पोरीला पाण्यात घातलंस," ती म्हणाली. "इथं राहून मी तुला घालू दिलं नसतं. तू गेलीस, बरं केलंस." तिनं गालाजवळचा मऊ तुकडा काढून सुनेच्या हातावर ठेवला, दुसरा आपल्या तोंडाशी नेला, आणि थांबली. "अळणी आहे. त्यानं कसं खाल्लं असेल कोण जाणे. जा, मीठ आण."

मेलविना धावत जाऊन मिठाची वाटी घेऊन आली. मा टेलानं ताट तिच्यापुढे धरलं.

"तूच घाल," ती म्हणाली. "सकाळच्याएवढं नको."